सेकंडहँड डिजिटल पियानो: घ्यायचा की सोडून द्यायचा

जुन्या डिजिटल पियानोत पैसे मोजायचे ते पट्ट्यांसाठी. आवाज चिपमध्ये साठवलेले असतात, ते दहा वर्षांनीही पहिल्या दिवसासारखेच येतात. थकतं ते पट्ट्यांखालचं काम: छोट्या हातोड्या, त्यांच्या खालचं फेल्ट (नमद्यासारखं मऊ अस्तर), रबराचे काँटॅक्ट आणि त्यांच्यासमोरचे कार्बनचे ठिपके. मुंबईच्या दमट, खारट हवेत हे काम लवकर थकतं आणि नेमकं तेच जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही. फोटोत बटणं चमकतात आणि खाली लिहिलेलं असतं, "४०० टोन, कंडिशन एकदम मक्खन". त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते बहुतेक पट्ट्यांबद्दलच आहे.

आधी ठरवा: पियानो की कीबोर्ड

हे ठरलं नसेल तर चांगला माल स्वस्तात मिळूनही घरात पडून राहतो. पाश्चात्त्य पियानो शिकायचा असेल, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या पियानोच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर ८८ वेटेड पट्ट्या हव्यात. वेटेड म्हणजे प्रत्येक पट्टीमागे हातोडीचं वजन असलेल्या, खर्जाकडे जड आणि वरच्या सप्तकांकडे हलक्या होत जाणाऱ्या. ट्रिनिटीची इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची परीक्षा वेगळी असते आणि तिचा अभ्यासक्रमही वेगळा. क्लासमध्ये कोणत्या परीक्षेची तयारी चाललीय हे शिक्षकांना आधी विचारा. "पियानोचा क्लास" म्हणून पाटी असते आणि आत ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकवत असतात, असंही होतं.

हात पेटीवर तयार झालेला असेल आणि वाजवायचं भावगीत, भजन किंवा ऑर्केस्ट्रात असेल, तर वेटेड पियानो घेऊच नका. मुरक्या आणि जलद ताना जड पट्टीवर अडखळतात, तासाभरात मनगट भरून येतं. अशांना यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन यांसारखा, तबला आणि भारतीय ठेके असलेला ६१ हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड जास्त कामाचा. गायकाला साथ करायची असेल तर सगळे सूर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली सरकवणारं ट्रान्स्पोजचं बटण पटकन सापडतं का, तेवढं बघा. सा पांढरी एकवर धरून वाजवायची सवय असेल तर काळी एकसाठी ट्रान्स्पोज +१, पांढरी चारसाठी +५ आणि काळी चारसाठी −४ लागतो.

जाहिरातीत नुसतं "८८ की" लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. ८८ पट्ट्या असूनही हातोडी नसलेले, स्प्रिंगवर चालणारे मॉडेलही असतात. अलेसिस रिसायटल त्यातलाच: सेमी-वेटेड, वजन साधारण ७ किलो. हातोडीच्या पट्ट्या असलेला हलक्यातला हलका पियानोही सहसा १० किलोच्या वरच भरतो. मॉडेल नंबर मिळाला की आधी वजन शोधा, निम्मा उलगडा तिथेच होतो.

कोणती मॉडेलं समोर येतील

मुंबईत सेकंडहँड शोधायला लागलात की सगळ्यात जास्त दिसतो यामाहा पी-४५. २०१५ मध्ये आलेला, साडेअकरा किलोचा, ६४ पॉलिफनीचा (म्हणजे काय ते खाली येतंच), दहा आवाजांचा. त्यावर पॉवर सोडून एकच बटण आहे. आवाज बदलणं, ट्रान्स्पोज, सगळं ते बटण दाबून धरून पट्ट्यांवरून करायचं. नवशिक्यासाठी चांगला आणि पार्ट मिळायलाही सोपा. २०२३ मध्ये त्याच्या जागी पी-१४५ आला. म्हणजे आज समोर येणारा पी-४५ दोन-तीन वर्षांचा असेल किंवा दहा वर्षांचाही. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे वय बिलावरूनच कळणार.

पी-१२५ हा २०१८ चा, १९२ पॉलिफनीचा. पट्ट्या पी-४५ सारख्याच, पण त्याला दोन हेडफोन जॅक आणि बाहेरच्या स्पीकरला जोडायचा ऑक्स आउट आहे. कार्यक्रमात वाजवायचं असेल तर हे उपयोगी पडतं, कारण पी-४५ चा आवाज बाहेर काढायला हेडफोनचाच जॅक वापरावा लागतो. कॅसिओ पीएक्स-१६० मध्ये प्रत्येक पट्टीला तीन सेन्सर आहेत, पॉलिफनी १२८. कॅसिओचा सीडीपी-एस१०० साडेदहा किलोचा आणि सहा पेन्सिल सेलवरही चालणारा. रोलँड एफपी-१० आणि एफपी-३० यांच्या पट्ट्या या किमतीत आम्हाला सगळ्यात चांगल्या वाटतात: तीन सेन्सर, आणि पट्टी हळू दाबताना मध्येच किंचित अडल्यासारखं वाटतं, अगदी खऱ्या पियानोसारखं. एफपी-३० चं वजन १४ किलोच्या आसपास आहे. चाळीचा जिना चढवायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

पॉलिफनी म्हणजे एकाच वेळी किती सूर वाजत राहू शकतात तो आकडा. पेडल दाबून भराभर वाजवलं की आधीचे सूरही मोजणीत येतात. पहिल्या तीन-चार ग्रेडपर्यंत ६४ पुरे होतात, त्यापुढे १२८ असावी. यावर उगाच जास्त पैसे घालवू नका.

जुना बघायला जायच्या आधी नवा एकदा हाताखालून जाऊ द्या. धोबीतलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं. तिथे किंवा जवळच्या कुठल्याही वाद्यांच्या दुकानात तेच किंवा त्याच्या नंतरचं मॉडेल पंधरा मिनिटं वाजवा. निरोगी पट्टी कशी परत येते हे बोटांना माहीत नसेल, तर थकलेली पट्टी ओळखता येणार नाही. आणि आजचा भावही तिथेच कळतो, तो पुढे लागणार आहे.

फोनवर विचारायचं ते

मॉडेल नंबर, बिल आहे का, अडॅप्टर मूळचा आहे का, पियानो कधी उघडून दुरुस्त केलाय का, घरात कुठे ठेवलेला असतो आणि शेवटचा कधी वाजवला. "घेतल्यापासून वापरलाच नाही" हे ऐकून खूश होऊ नका. तीन पावसाळे कव्हरशिवाय खिडकीखाली पडलेला पियानो रोज वाजलेल्या पियानोपेक्षा वाईट निघू शकतो. खालच्या स्टिकरचा फोटो मागवा. त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. तो खरवडलेला असेल किंवा फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल तर विषय तिथेच संपवा.

दहावीचं वर्ष लागलं की अनेक घरांत क्लास बंद होतो. बदली होऊन शहर सोडणारेही शाळा संपल्यावर सामान काढतात. त्यामुळे एप्रिल ते जून या काळात माल बरा मिळतो आणि विकणाऱ्यालाही घाई असते.

बघण्याआधी एक रुपयाही पाठवू नका. "ट्रान्सपोर्टचं ॲडव्हान्स", "दुसरं गिऱ्हाईक उभंय, टोकन टाका", "मी तुम्हाला परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" हे सगळे फसवणुकीचे ठरलेले डाव आहेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

सोबत काय न्यायचं

स्वतःचा हेडफोन आणि ३.५ मिमीचा ६.३५ मिमी करणारी जाड पिन. बारीक टॉर्च. स्टीलची फूटपट्टी. प्रिंटरला लागते तशी यूएसबी केबल (एक टोक चौकोनी), ती फोनला जोडायला ओटीजी, आणि कोणती पट्टी किती जोरात वाजली ते दाखवणारं एखादं फुकटातलं मिडी मॉनिटर ॲप फोनवर. केबल आणि ओटीजी दोन्ही लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. दिवसाउजेडी जा, आणि "आधीच लावून ठेवतो" म्हणाले तर नको म्हणा. बंद अवस्थेतला पियानो आधी बघायचा आहे.

बंद असताना

पियानो उलटा करताना विकणाऱ्याची मदत घ्या. पट्ट्यांवर भार येऊ देऊ नका, खाली उशी किंवा गादी घ्या. खालच्या बाजूला वीस-पंचवीस स्क्रू दिसतील. दोन-चार स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज मुंबईत चालतो, विशेषतः वर्सोवा, वरळी, माहीम अशा समुद्राजवळच्या घरांत. पण टॉर्चने हेडफोन आणि पेडलच्या जॅकमध्ये बघा. आतल्या पत्र्यावर हिरवट किंवा पांढरी पूड असेल तर ओल आतपर्यंत गेली आहे. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या किंवा एखाद-दोन स्क्रू गायब असतील तर पियानो उघडलेला आहे. उघडणं वाईट नाही, लपवणं वाईट. कोणी आणि कशासाठी उघडला ते विचारा.

आता पुन्हा सरळ ठेवून टॉर्च पट्ट्यांच्या फटींमधून तिरपी धरा. झुरळाची लेंडी म्हणजे काळे बारीक कण, अंड्यांचे तपकिरी कोश, मुंग्यांनी आणलेली माती. उंदराच्या लेंड्या दिसल्या किंवा तसा वास आला तर नको म्हणा. उंदीर आतल्या रिबन केबल कुरतडतो आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही. सेलवर चालणारं मॉडेल असेल तर सेलचा कप्पा उघडा. गळलेल्या सेलची पांढरी-हिरवी खपली स्प्रिंगवर असली तर तो कप्पा गेला असं धरा. अडॅप्टरवर चालत असेल तरी भाव पाडा. मूळचा लाकडी स्टँड सोबत देत असतील तर त्याच्या पायांचा तळ बघा. फुगलेला असेल तर तिथे पाणी आलं होतं, आणि मग पेडलची वायर आणि खालचे जॅकही संशयित.

शेवटी पट्ट्यांच्या रेषेवर फूटपट्टी आडवी ठेवा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एका पातळीत हव्यात. एखादी दोन मिलिमीटर खाली बसलेली असेल तर तिच्याखालचं फेल्ट गेलंय किंवा हातोडी तुटली आहे. प्रत्येक पट्टी बोटाने डावी-उजवी हलवा. थोडी हलते, ते चालतं. शेजारच्या पट्टीला घासत असेल तर चालत नाही.

पट्ट्यांची तपासणी

इथे घाई करू नका. व्हॉल्यूम अर्ध्यावर, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) बंद, आवाज साधा पियानो. अगदी डावीकडच्या पट्टीपासून उजवीकडे एकेक, पांढऱ्या-काळ्या दोन्ही, तीन फेऱ्या: पहिली अगदी हलक्या हाताने, दुसरी मध्यम, तिसरी जोरात. ८८ पट्ट्या, म्हणजे २६४ वेळा. पंधरा मिनिटांत होतं. विकणारा कंटाळून एखादं गाणं वाजवून दाखवेल. त्याला वाजवू द्या, कौतुक करा आणि पुन्हा आपल्या फेरीकडे वळा. गाण्यात बिघडलेली पट्टी लपते.

या फेरीत काय ऐकायचं ते कळायला आतली रचना माहीत हवी. प्रत्येक पट्टीखाली रबराची एक छोटी घुमटी असते, तिच्या आत दोन काँटॅक्ट (हेच ते सेन्सर), काही मॉडेलांत तीन. पट्टी दाबली की आधी पहिला टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला ते मोजून पियानो ठरवतो की तुम्ही किती जोरात वाजवलंत. वेळ कमी, तर आवाज मोठा. आता पहिल्या काँटॅक्टवर धूळ किंवा बुरशीचा पापुद्रा बसला तर तो उशिरा लागतो, मधला वेळ घटतो, आणि तुम्ही हलकेच दाबलेला सूर एकदम किंचाळतो. एखादा काँटॅक्ट अजिबात लागलाच नाही तर सूर मुका होतो. म्हणून पहिली, हलक्या हाताची फेरी सगळ्यात महत्त्वाची. जोरात वाजवताना हा दोष झाकला जातो, कारण तेव्हा मोठा आवाज अपेक्षितच असतो.

कानावर भरवसा नसेल तर फोन लावा. पियानोच्या "यूएसबी टू होस्ट"मधून केबल, ओटीजी आणि मिडी ॲप. प्रत्येक पट्टीला १ ते १२७ मधला एक आकडा दिसतो, तो म्हणजे व्हेलॉसिटी, वाजवण्याचा जोर. सारख्या हाताने शेजारशेजारच्या दहा पट्ट्या वाजवा. आकडे ४०, ४६, ३८, ४३ असे थोडे वरखाली होणारच. माणसाचा हात आहे. पण मध्येच एखादी पट्टी ११० किंवा थेट १२७ दाखवत असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तेच येत असेल, तर तिचा काँटॅक्ट मळलाय. त्या पट्टीचं नाव वहीत लिहा. भावाच्या वेळी तो कागद बोलतो.

संशयास्पद पट्टी सापडली की लगेच वीस-तीस वेळा भराभर वाजवून बघा. कधी कधी धूळ हलते आणि पट्टी सुधारते. नुसत्या न वाजवल्यामुळे आलेला दोष असेल तर असं होतं. उलट, पियानो अर्धा तास चालू ठेवल्यावर नवा दोष दिसायला लागला तर तो बोर्डातला असू शकतो. म्हणून सुरुवातीला पाहिलेल्या आठ-दहा पट्ट्या निघताना पुन्हा बघा.

आता दोषांचा नकाशा वाचा. इथेच घ्यायचं की सोडायचं ते ठरतं.

इकडे-तिकडे विखुरलेल्या दोन-चार पट्ट्या किंचाळत किंवा मुक्या असतील तर तो मळ आहे, साफ होतो. पियानो उघडून, पट्ट्यांचा सांगाडा सोडवून, खालचं काँटॅक्टचं रबर उचलून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलका ओला केलेला कापूस कार्बनच्या ठिपक्यांवरून फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. रबर बहुधा सप्तकाच्या तुकड्यांत असतं, ते बसवताना प्रत्येक खुंटी छिद्रात नीट गेली नाही तर साफ केलेल्या पट्ट्या आणखी बिघडतात. गंज काढायचा स्प्रे इथे मारला की तेलाचा थर बसतो आणि काँटॅक्ट कायमचे बाद. सवय नसेल तर हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्या आणि त्याचा खर्च भाव ठरवण्याआधीच फोन करून विचारा.

सलग दहा-बारा पट्ट्या मुक्या असतील तर रिबन केबल सुटलेली किंवा एखाद्या भागाचं रबर गेलेलं असतं. ठरावीक अंतराने, म्हणजे दर सहावी किंवा आठवी पट्टी मुकी असेल तर पट्ट्या वाचणाऱ्या जाळीतली एक रेषाच तुटली आहे: केबल, डायोड किंवा बोर्ड. हा दोष साफसफाईने जात नाही. केबल असेल तर स्वस्तात सुटेल, बोर्ड असेल तर पियानोच्या निम्म्या किमतीत जाईल, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या मते असा सोडावा.

दाबल्यावर हळू वर येणारी, चिकटल्यासारखी पट्टी म्हणजे काहीतरी सांडलंय. चहा, सरबत, कोल्ड्रिंक. साखर पट्टीच्या सांध्यात आणि खाली बोर्डावरही उतरते, आणि दमट हवेत ती पाणी धरून ठेवते, म्हणून दोष पसरत जातो. आज तीन पट्ट्या, पुढच्या पावसाळ्यात नऊ. कितीही स्वस्त असला तरी सोडा.

खटखट वेगळी गोष्ट आहे. हातोडीची पट्टी खाली टेकताना थोडा धप्प आवाज करतेच. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मधली दोन सप्तकं वाजवा. तिथलं फेल्ट सगळ्यात आधी दबतं. धप्प ऐवजी प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटल्यासारखी टकटक येत असेल तर फेल्ट संपलंय. बदलता येतं, पण मजुरी लागते. वाजायला अडचण नाही, त्यामुळे यावर पियानो नाकारू नका, भाव मात्र नक्की पाडा.

एक पट्टी दहा सेकंद धरून ठेवा. सूर आपोआप विरत गेला पाहिजे, मध्येच तुटता कामा नये. मग एकच पट्टी जितकी जमेल तितकी भराभर. दोन सेन्सरच्या मॉडेलमध्ये पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय दुसरा सूर निघत नाही, तो दोष नव्हे. तीन सेन्सरच्या मॉडेलमध्ये निघायला हवा.

पेडल, जॅक, स्पीकर, अडॅप्टर

पेडलवर पाय ठेवून पियानो कधीच चालू करू नका. काही मॉडेल चालू होताना पेडलची दिशा ओळखतात, आणि मग सगळं उलटं चालतं: पाय काढला की सूर लांबतात, दाबला की थांबतात. वेगळ्या कंपनीचं पेडल लावल्यावरही हेच होतं. विकणारा "पेडल खराब आहे" म्हणाला तर पियानो बंद करून, पाय बाजूला ठेवून पुन्हा चालू करा. बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. तसंच "मध्येच आपोआप बंद पडतो" हेही. यामाहा पी-४५ अर्धा तास हात लावला नाही तर स्वतःच बंद होतो, ती सोय आहे.

हेडफोन घालून दोन्ही कानांत सारखा आवाज येतो का बघा, पिन हळूच हलवा. खरखर आली तर जॅक ढिला. हेडफोन काढल्यावर स्पीकर पुन्हा वाजले पाहिजेत. जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो. तो गंजला की पियानोला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे आणि स्पीकर गप्प बसतात. विकणारा म्हणतो "स्पीकर गेलेत". पिन दहा-बारा वेळा आतबाहेर करून बघा. सुटला तर नशीब, नाहीतर जॅक बदलणं हे मोठं काम नाही.

व्हॉल्यूम पाऊण करून सगळ्यात डावीकडचं सप्तक वाजवा. घरघर आली तर हाताने पियानोची बॉडी दाबून बघा. थांबली तर स्क्रू ढिला, नाही थांबली तर स्पीकरचा कागद फाटलाय. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर धूळ, किरकोळ.

अडॅप्टरवर मूळ कंपनीचं नाव आणि मॉडेल हवं. पी-४५ आणि पी-१२५ ला यामाहाचा पीए-१५०, १२ व्होल्टचा. "लोकल आहे पण चालतो" म्हणाले तर व्होल्ट, अँपिअर आणि पिनमधला + आत आहे की बाहेर ते पियानोच्या मागच्या खुणेशी ताडून बघा. अँपिअर जास्त असलेले चालतात, कमी असले की मोठ्याने वाजवताना पियानो झटका खाऊन बंद होतो. ध्रुव उलटे असले तर पहिल्याच वेळी बोर्ड जळू शकतो.

यामाहाच्या पी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत सगळ्यात उजवीकडची पट्टी दाबून धरून चालू केलं की सगळी सेटिंग मूळ होतात. ट्यूनिंग बेसूर वाटत असेल तर घाबरण्याआधी हे करा. कोणीतरी ट्रान्स्पोज किंवा ट्यूनिंग बदलून ठेवलेलं असतं.

भाव

विकणारा बिलावरचा आकडा धरतो. तुम्ही आजचा नव्याचा भाव धरा, आणि मॉडेल बंद झालं असेल तर त्याच्या जागी आलेल्याचा. समजा नवा ४०,००० ला मिळतोय. सगळ्या पट्ट्या निरोगी, बिल, अडॅप्टर, पेडल आणि स्टँड असेल, वय तीन वर्षांपर्यंत, तर २४,००० ते २६,००० रास्त. सहा-सात वर्षांचा १६,००० ते २०,०००. दहा वर्षांच्या पुढचा १२,००० च्या वर घेऊ नये, कारण त्याचं रबर आणि फेल्ट कधीही काम काढणार. हा आमचा अंदाज आहे, बाजाराचा नियम नव्हे. पण नव्याच्या ७० टक्क्यांच्या वर कोणी मागत असेल तर नवाच घ्या, वॉरंटी तरी मिळेल. वॉरंटी शिल्लक आहे असं सांगितलं तर बिल भारतातल्या दुकानाचं आहे ना ते बघा. दुबई-सिंगापूरहून आणलेल्या मालाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

यातून वजा करायचं ते मोजून: अडॅप्टर नाही, पेडल नाही, स्वरलिपी ठेवायचा स्टँड नाही, मळलेल्या पट्ट्या किती. प्रत्येकाची आजची किंमत आधीच माहीत असेल तर घासाघीस दोन मिनिटांत संपते. एक्स-स्टँड (कात्रीसारख्या पायांचा) फुकट देत असतील तर त्याचे पैसे धरू नका. वेटेड पियानोखाली तो डोलतो आणि गुडघ्यांना अडतो, लवकरच बदलावा लागेल.

पैसे जागेवर, यूपीआयने. एका कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि सही. सोसायटीच्या गेटवर सामान बाहेर काढायला मालकाची चिठ्ठी लागते, तीही त्याच वेळी लिहून घ्या, नाहीतर वॉचमन अडवतो.

घरी नेताना आणि पहिल्या पावसाळ्यात

पी-४५ ची लांबी १३२.६ सेंमी आहे. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा बसतो की नाही ते आधी मापा. बॉक्समध्ये असेल तर बहुधा बसत नाही, छोटा टेम्पोच बरा. व्यवहार दादर-गिरगावात आणि घर अंधेरी-मुलुंडला असेल तर रिक्षाचा विचारच नको, ती वांद्रे-शीवच्या अलीकडे येत नाही. लोकलच्या लगेज डब्यातून नेणारे आहेत, पण दारातल्या एका धक्क्यात कडेची पट्टी तुटते. पट्ट्या वरच्या बाजूला, वर प्लॅस्टिक, अडॅप्टर वेगळ्या पिशवीत.

घरात खिडकीच्या भिंतीला लावू नका. पावसाची झड आणि संध्याकाळचं खारं वारं दोन्ही तिथूनच येतं. एसीच्या झोताखालीही नको. वाजवून झाल्यावर कापडी कव्हर. प्लॅस्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून तीन-चार वेळा सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकदा तरी वाजवा. वाजत्या काँटॅक्टवर थर बसत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर रंग बदलला की गरम करून वाळवून घ्या. भिजलेली पुडी काही कामाची नाही.

हेडफोन लावला म्हणजे शेजारी सुटले असं नाही. पट्टीची धपधप स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये जाते आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्ता चालवल्यासारखी ऐकू येते. स्टँडच्या पायांखाली जाड रबराची चटई घाला. जिममध्ये पसरतात तसली, किमान १० मिमीची.